शेड कार्ड उघडण्याआधी: गावाकडच्या घराची रंगसंगती कशी ठरवावी

नवरात्र जवळ आलं की आपल्या विदर्भात तालुक्याच्या हार्डवेअर दुकानांत गर्दी वाढते. सोयाबीनचा पैसा यायचा असतो, दिवाळी तोंडावर असते. ट्यूबलाइटच्या उजेडात शेड कार्डवरचा नखाएवढा चौकोन बघून चार भिंतींचा निर्णय होतो. "भाऊ, सध्या हाच कलर चालू आहे," असं काउंटरवरून ऐकू येतं आणि डबा रंग मिसळायच्या मशीनखाली जातो. पुढची पाच-सात वर्षं घर त्या रंगात राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रंग निवडायची जागा दुकान नाही, घर आहे. कोणता रंग शोभेल हे घरातली फरशी, दारं, छप्पर आणि खोलीत येणारा उजेड मिळून ठरवतात. ते आधी नीट पाहिलं की कार्डवरच्या शेकडो रंगांतून पाच-सहाच उरतात आणि निवड सोपी होते.

आधी न बदलणाऱ्या गोष्टी लिहून काढा

एक वही घ्या आणि खोलीत जे बदलणार नाही त्याची नोंद करा. सर्वांत आधी जमीन. शहाबादी फरशी निळसर राखाडी असते, कोटा हिरवट राखाडी. घोटलेल्या सिमेंटचा कोबा करडा, आणि त्यात लाल ऑक्साईड घातलं असेल तर विटकरी. नव्या घरांतल्या टाइल्स बहुतेक साईच्या रंगाच्या असतात, पण त्यांच्या रेषा बदामी आहेत की करड्या ते वाकून बघा, कारण भिंत त्या रेषांशी जुळवायची असते.

मग दारं-खिडक्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाची जुनी चौकट घरात असेल तर कृपा करून तिच्यावर ऑइल पेंट मारू नका. आधीच मारलेला असेल तर खरवडून पॉलिश किंवा जवसाचं तेल द्या. सागाचा तांबूस तपकिरी रंग खोलीला फुकट मिळालेला असतो आणि कुठल्याही डब्यात तो मिळत नाही.

त्यानंतर वर बघा. कवेलूचं (कौलांचं) छप्पर आतून काळपट तपकिरी दिसतं, टिनाचं करडं आणि चमकतं, स्लॅब असेल तर तो तुम्ही रंगवणारच. स्वयंपाकघरात कडप्प्याचा काळा ओटा असतो. बंगई (झोपाळा), लोखंडी कपाट, दिवाण, देवघरातली पितळी भांडी हेही नोंदवा. भंडाऱ्याच्या पितळेची एक परात कोनाड्यात उभी असेल तर तीसुद्धा रंगसंगतीचा भाग आहे.

प्रत्येक नोंदीपुढे 'उबदार' किंवा 'थंड' असं लिहा. लाल, नारिंगी, पिवळ्याकडे झुकणारे रंग उबदार. निळे आणि निळसर हिरवे थंड. करड्याची निळसर छटा थंड, मातकट छटा उबदार. पान भरलं की घराचा कल कळतो. शहाबादी आणि टिन असलेलं घर थंडाकडे झुकतं, लाल कोबा आणि सागवान असलेलं उबदाराकडे. भिंतींनी हा तोल सांभाळायचा आहे.

उजेडाची पाहणी

याला घाई करू नका, कारण बहुतेक रंग फसतात ते इथेच. एकच खोली सकाळी आठला, दुपारी दोनला, संध्याकाळी पाचला आणि रात्री दिवा लावून बघा. उजेड कुठून येतो, कुठल्या भिंतीवर पडतो, किती वेळ टिकतो ते लिहा.

जुन्या घरांत सपरीला, म्हणजे पुढच्या पडवीला, भरपूर उजेड असतो, पण माजघराला तो फक्त दारातून मिळतो. अशा अंधाऱ्या खोलीला उजळ करायचं म्हणून लोक पांढराशुभ्र रंग देतात आणि खोली राखेसारखी दिसू लागते. पांढऱ्याला स्वतःचा उजेड नसतो, पडेल तेवढाच तो परत देतो. कमी उजेडात साईचा, कोसा रेशमासारखा (फिका सोनेरी-बदामी) किंवा अगदी फिका हळदीचा रंग द्या. खोली तेवढीच उजळ राहते आणि मळकट दिसत नाही. बऱ्याच कंपन्या रंगाच्या माहितीत तो किती टक्के उजेड परत फेकतो याचा आकडा देतात. चांगला पांढरा ८० च्या पुढे असतो, गडद मरून किंवा नेव्ही ब्लू १० च्या आसपास. दिवसा दिवा लावावा लागतो अशा खोलीला ६० पेक्षा कमी आकड्याचा रंग घेऊ नका.

पश्चिमेच्या खोलीचा प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारनंतर या खोलीत ऊन अक्षरशः घुसतं. त्या पिवळ्या उन्हात पीच किंवा नारिंगी भिंत अंगावर येते. इथे फिका राखाडी-हिरवा किंवा करड्याकडे झुकलेला फिका निळा द्या. आतल्या रंगाने थर्मामीटरचा पारा फारसा उतरत नाही, पण डोळ्याला मिळणारा विसावा खरा असतो. पारा उतरवायचा तर बाहेरची भिंत आणि छप्पर पांढरं करावं लागतं, त्याकडे पुढे येऊ.

उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड दिवसभर सारखा आणि थोडा निळसर असतो. तिथे निळा किंवा करडा रंग उदास वाटतो, पिवळसर छटा बरी. खिडकीबाहेर कडुनिंब असेल तर खोलीत हिरवट झाक येते, समोर शेजाऱ्याची गुलाबी भिंत असेल तर गुलाबी. तुमची फिकी भिंत तीही झाक घेणार.

रात्रीचा दिवा तर सर्रास विसरला जातो. २०१५ नंतर सरकारच्या उजाला योजनेतून गावोगाव एलईडी बल्ब आले. आपल्याकडचे बहुतेक बल्ब थंड पांढऱ्या उजेडाचे, म्हणजे ६५०० केल्विनच्या (उजेडाची छटा सांगणारं माप) जवळचे असतात. या उजेडात कोसा रंग फिका पडतो, विटकरी मळका दिसतो. बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असेल तर त्याचा उजेड पिवळसर असतो. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत तो लावा. स्वयंपाकाच्या ओट्यावर पांढराच ठेवा, तिथे तांदळातले खडे दिसले पाहिजेत.

रंगसंगती जुळवताना

कुठलाही रंग तीन प्रश्न विचारून ओळखता येतो. तो कोणत्या कुळातला आहे, म्हणजे लाल की पिवळा की निळा? किती उजळ किंवा गडद आहे? आणि किती भडक किंवा शांत आहे? घरातल्या बहुतेक चुका तिसऱ्या प्रश्नापाशी होतात. लोक हिरवा निवडतात, पण भडक निवडतात. त्याच हिरव्यात थोडा करडा मिसळलेली छटा वर्षानुवर्षं सोबत करते.

कुळं जुळवायच्या दोन वाटा आहेत. रंगचक्रावर शेजारी बसणारे रंग, जसे पिवळा, पिवळसर हिरवा आणि हिरवा, एकत्र आले की खोली शांत वाटते. समोरासमोरचे रंग, जसे नारिंगी आणि निळा किंवा लाल आणि हिरवा, एकमेकांना उठाव देतात. समोरासमोरची जोडी घेतली तर दोघांना सारखी जागा देऊ नका. एकाचं राज्य असावं, दुसऱ्याची नुसती हजेरी.

किती रंग किती जागेत, यासाठी ६०-३०-१० हे प्रमाण सजावटकार वापरतात. खोलीच्या साठ टक्के भागात मुख्य रंग, तीस टक्क्यांत दुसरा, दहा टक्क्यांत उठावाचा. गावाकडच्या घरात तीस टक्क्यांची जागा फरशी आणि दारांनी आधीच घेतलेली असते, म्हणून वहीतलं ते पान महत्त्वाचं. तुम्हाला खरं तर साठचा आणि दहाचाच निर्णय करायचा आहे. फाल्गुनात आपल्या माळावर बघा: सगळीकडे वाळलेलं गवत आणि करडी झाडं, मधेच पेटलेला पळस. पळस मोजकाच असतो म्हणून तो एवढा दिसतो. उठावाच्या रंगाला तेवढीच जागा द्या.

आता काही जुळण्या सांगतो, आपल्या घरांत चालतील अशा.

लाल कोबा आणि सागवानी दारं असतील तर भिंती साईच्या रंगाच्या ठेवा, चुन्यात पिवळ्या मातीचा चिमूटभर अंश घातल्यावर येतो तसा. खिडक्यांना गडद हिरवा द्या. लाल जमिनीसमोर तो उठून दिसतो आणि जागा कमी असल्यामुळे बोचत नाही.

शहाबादी फरशी आणि टिनाचं छप्पर असेल तर भिंतींना कोसा रंग द्या. फरशीचा थंडपणा त्याने सावरतो. पितळी भांड्यांचा कोनाडा आतून गडद निळा करा. पिवळं पितळ आणि मागे निळा, उबदार आणि थंड रंगांची ही जोडी एका कोनाड्यात फार देखणी होते.

साईच्या रंगाच्या टाइल्स आणि पांढरा स्लॅब असलेल्या नव्या घरात सगळंच फिकं असतं, तिथे राखाडी-हिरवा किंवा फिका मातकट रंग जमतो. तिथेही भिंतीला पांढरा दिला की खोलीला दवाखान्याची कळा येते.

घरकुलाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण गावात ती घरं वाढली आहेत आणि रंगाच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ तिथेच दिसतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. एवढ्या जागेत प्रत्येक खोलीला वेगळा रंग दिला की घराचे तुकडे पडतात. दोन्ही खोल्यांना एकच उजळ रंग द्या. छताला त्याच कुळातला आणखी फिका द्या आणि तो भिंतीवर चार-सहा बोटं खाली उतरवा. छत आणि भिंत यांच्यातली रेघ खाली आली की बुटकी खोली ऐसपैस वाटते. आतल्या खोलीची समोर दिसणारी भिंत त्याच कुळातल्या दोन पायऱ्या गडद रंगाने रंगवली की दारातून पाहताना घर आत लांबवर गेल्यासारखं वाटतं.

एका भिंतीला वेगळा गडद रंग देण्याची पद्धत आता सगळीकडे आहे. करायचं असेल तर उजेड ज्या भिंतीवर पडतो ती निवडा. खिडकी असलेली भिंत कधीही गडद करू नका. भोवती काळोख आणि मधे झगझगीत चौकोन, त्याने डोळे दिपतात आणि भिंतीचा रंग दिसतही नाही.

आणखी एक. रंग ठरवताना घरातले पुरुष आणि पेंटर बोलतात, पण स्वयंपाकघरात आणि माजघरात दिवस काढते ती आई किंवा घरातली सून. त्या खोल्यांचा रंग त्यांनाच विचारून ठरवा. कुठली भिंत लवकर मळते, कुठे उजेड कमी पडतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

भिंतीवर चाचणी

कार्डवर आवडलेला रंग भिंतीवर नेहमी जास्त गडद आणि भडक वाटतो. चारही भिंतींवर तोच लागला की एकीवरून परतलेला उजेड दुसरीवर पडतो आणि रंग आणखी चढतो. म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी छटा घ्या.

सर्वांत लहान डबा आणा आणि किमान दोन फूट बाय दोन फुटांचे पट्टे दोन वेगवेगळ्या भिंतींवर मारा, एक खिडकीसमोर आणि एक खिडकीशेजारी. दोन हात (थर) द्या. पट्ट्याभोवतीचा जुना रंग डोळ्याला फसवतो, म्हणून कडेने चार बोटं पांढरा मारा. भिंतीवर नको असेल तर मोठ्या पुठ्ठ्यावर मारून तो खोलीत फिरवा. पुरता वाळल्याशिवाय मत बनवू नका: इमल्शन (पाण्यात मिसळायचा तयार रंग) वाळल्यावर थोडं गडद होतं, तर चुना ओला असताना पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर उजळतो. दोन दिवस सकाळ, दुपार, रात्र बघा. तिसऱ्या दिवशीही आवडला तर तोच घ्या.

भिंत कोणती, त्यावर रंग कोणता

मातीच्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट लावू नका. माती ओल घेते आणि सोडते. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा बसला की आतली ओल अडकते आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे मातीसकट निघतात. पांढरी माती, चुना, गेरू हेच तिला मानवतात, आणि यात कमीपणा अजिबात नाही. सेवाग्रामची बापू कुटी, म्हणजे गांधीजी राहायचे ते घर, १९३६ नंतरच्या काळातली, माती, बांबू आणि कवेलूची. भिंतींवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढला आहे. तिथे रंग असा नाहीच, मातीची छटा आणि उठावाची सावली आहे. सपरीतल्या एका भिंतीवर असं काम करून वर पांढरी माती पोतारली तर दुसरी सजावट लागत नाही.

चुना करताना कळीचा चुना भरपूर पाण्यात विझवा. तो उकळतो, उडतो, डोळ्यांना इजा करतो, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. रात्रभर ठेवून कापडातून गाळा, थोडा डिंक घाला. पिवळेपणा मारायला नीळ घालतात ती अगदी कमी, नाहीतर भिंत निळी पडते. छटेसाठी गेरू किंवा पिवळी माती वापरा. सगळेच रंग चुन्यात टिकत नाहीत, हे दोन टिकतात. भिंतीवर पाण्याचा हबका मारा आणि पातळ तीन हात द्या. जाड एक हात दिला तर चुना तडकून गळतो.

विटा-सिमेंटच्या नव्या भिंतीचा गिलावा किमान २८ दिवस पिकू द्या. जुन्या भिंतीला ओल आहे का, हे तपासायला दीड फुटाचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खालून लोणा (ओलीने येणारा क्षारांचा पांढरा थर) फुटला असेल तर आधी ओलीचं कारण शोधा, वर पुट्टी ओढून काही होत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस जास्त, तिथे ही चाचणी टाळूच नका.

पश्चिम विदर्भातल्या काळ्या जमिनीचं दुखणं वेगळं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीच्या भेगा त्याप्रमाणे मिटतात-उघडतात. कडक पुट्टीने भरलेली भेग पुढच्या मे महिन्यात पुन्हा दिसते, म्हणून ताणलं जाणारं भेगांचं फिलर भरा. अशा घराला चकाकणारा रंग नको. बाजूने येणाऱ्या उजेडात चकाकीवर प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. मॅट आणि मध्यम फिका रंग भेगा सांभाळून घेतो.

चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत साबणाच्या गरम पाण्याने धुवा, वाळवा आणि तेलाचा प्रायमर द्या. नुसत्या इमल्शनमधून काजळीचा पिवळा डाग पुन्हा वर येतो.

किती रंग आणावा, कसा मारावा

दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा करून ४०० धरा. पुट्टी केलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण १२० ते १४० चौरस फूट भागवतं, म्हणजे तीन लिटरांहून थोडं जास्त. चार लिटरचा डबा पुरेल. पुट्टीची ४० किलोची एक गोणी बहुधा भागते. खरबरीत भिंत जास्त पिते.

एका खोलीसाठी दोन डबे लागले तर दोन्ही एका बादलीत एकत्र ढवळून घ्या. मशीनवरच्या दोन डब्यांतही छटेचा फरक पडू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला.

क्रम असा: घासणी, पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, धूळ पुसणे, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. आधी छत, मग भिंती वरून खाली, शेवटी दारं आणि भिंतीचा खालचा पट्टा. कोपरे आणि कडा ब्रशने कापून घेतल्या की त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. एकदा सुरू केलेली भिंत पूर्ण झाल्याशिवाय जेवायला उठायचं नाही, नाहीतर जोड दिसतो. दोन हातांमध्ये किमान चार तास जाऊ द्या. उन्हाळ्यात रंगवत असाल तर पहाटे सुरू करून दहा-अकराला थांबा. दुपारी रंग ब्रशखालीच वाळतो आणि ओरखडे राहतात. माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारी हा आपल्याकडचा सर्वांत चांगला काळ. दिवाळीआधीच करायचं असेल तर पाऊस थांबल्यावर भिंतींना ऑक्टोबरचं ऊन आधी लागू द्या.

जुन्या घरांत जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत ऑइल पेंटचा गडद पट्टा असायचा. नव्या घरांतून तो गेला आणि सपरीतल्या भिंतीवर टेकून बसणाऱ्यांच्या तेलकट डोक्यांचे डाग आले. सपरीत आणि स्वयंपाकघरात हा पट्टा ठेवा. रंग विटकरी, मातकट हिरवा किंवा गडद करडा. उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. जुन्या भिंतीत ओल असेल तर मात्र तो नको, तिथे तेलाचा थर सुटतो.

बाहेरची बाजू

बाहेरच्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींना फिकाच रंग द्या. गडद रंग ऊन शोषतो आणि रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहतो. स्लॅबवर चुन्याचे हात किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर आतला उकाडा खरोखर कमी होतो. भडक जांभळे, गुलाबी, लाल उन्हात लवकर उतरतात, तर गेरू आणि पिवळी माती, म्हणजे लोहाची खनिजं, वर्षानुवर्षं टिकतात. जोत्यावर पावसात चिखल उडतो, तिथे दीड-दोन फूट गेरूचा किंवा गडद करडा पट्टा ठेवा.

काम संपलं की उरलेला रंग लहान बरणीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा, आत हवा राहिली की साय धरते. डब्याच्या झाकणावरचा छटेचा नंबर, कंपनी, खोली आणि महिना कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना भिंतीवर शिंतोडे उडाले तर तेवढाच भाग दुरुस्त करता येईल.